श्रवणविषयक संशोधन आणि रुग्णाची भाषा

दिलसुखनगरात राहणारे आमचे एक वयोवृद्ध स्नेही, जन्मभर अध्यापन केलेले, आमच्या बैठकांस येईनासे झाले. चौकशीस गेलो असता त्यांनी कानांच्या तपासणीचा कागद पुढे केला. त्यावर एक उतरता आलेख व खाली रोगाचे इंग्रजी नाव होते. नावात मज्जातंतूंचा उल्लेख असल्यामुळे आपल्या मेंदूसच विकार जडला, असा त्यांचा ग्रह झाला होता. संशोधन पुष्कळ पुढे गेले आहे. परंतु ज्याच्यासाठी ते चालले आहे त्याच्यापर्यंत ते कोणत्या रूपाने पोहोचते, हा प्रश्न त्या कागदाने आम्हांपुढे उभा केला.

वस्तुस्थिती अशी आहे. ध्वनी कानाच्या पडद्यावर आदळतो, तीन चिमुकल्या हाडांवरून आत जातो आणि गोगलगाईच्या शंखासारख्या वेटोळ्या अवयवात पोहोचतो. तेथील रोमपेशी त्याचे संदेशात रूपांतर करतात व मज्जातंतू तो मेंदूकडे नेतो. वाटेत मळ साचला, पडद्यास छिद्र पडले, कान वाहू लागला, तर तो दोष पुष्कळदा उपचाराने दूर होतो. रोमपेशी मात्र मनुष्यात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात, असे १९८०च्या दशकातील संशोधनाने दाखविले; तेव्हापासून मनुष्याच्या बाबतीत हे साधेल काय, याचा शोध चालू आहे. वार्धक्यात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी प्रथम हरपतात. म्हणून हाक ऐकू येते, पण समोरचा ‘सात’ म्हणाला की ‘साठ’, हे उमगत नाही. घरच्यांस वाटते, म्हातारा लक्ष देत नाही. आमच्या स्नेह्यांचा विकार तो हाच. मेंदूशी त्याचा संबंध नव्हता.

एवढे सांगावयास कितीसे शब्द लागले? तरीही ते कोणी सांगितले नव्हते. येथे हैदराबादचाच इतिहास आठवतो. १९१७ साली या शहरात भाषांतराचे एक स्वतंत्र खाते स्थापन झाले आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात आधुनिक शास्त्रे उर्दूतून शिकविली जाऊ लागली. देशी भाषेत शास्त्र आणण्याचा तो प्रयत्न निःसंशय थोर होता. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी होती. तिच्या अंगणात ते ज्ञान उतरले नाही. परिभाषा घडविणे आणि ज्ञान पोहोचविणे ही दोन निराळी कामे होत. आम्ही मराठी माणसांनीही इंग्रजी नाव काढून त्या जागी तितकाच दुर्बोध संस्कृत समास बसविला, तर रुग्णाच्या पदरी काय पडले?

सुबोधतेच्या जोडीस प्रामाणिकपणा हवा. श्रवणयंत्र लावल्यास स्मृतिभ्रंश टळतो, असे अलीकडे सर्रास सांगितले जाते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत ७० ते ८४ वर्षे वयाचे ९७७ स्त्रीपुरुष होते. तीन वर्षांअखेर, सर्वांचा एकत्र विचार करता, यंत्र व मार्गदर्शन मिळालेल्यांत बुद्धीची घसरण कमी झाली असे आढळले नाही. मात्र आधीपासूनच अधिक धोका असलेल्या एका गटात ती ४८ टक्क्यांनी मंदावली. पहिले वाक्य गाळले तर खोटी आशा निर्माण होते. दुसरे गाळले तर विनाकारण निराशा. दोन्ही सांगणे हेच खरे सांगणे.

शिवाय हे सांगणे एकतर्फी असू नये. इंग्लंडातील जेम्स लिंड अलायन्स या उपक्रमात सौम्य व मध्यम श्रवणदोष असणारे लोक, त्यांचे कुटुंबीय आणि तज्ज्ञ यांनी एकत्र बसून संशोधनाने प्रथम कोणते दहा प्रश्न हाती घ्यावेत हे ठरविले. ती यादी २०१५ साली प्रसिद्ध झाली. दुखणे ज्याचे, प्रश्न विचारण्याचा अधिकारही त्याचा, हे तत्त्व त्यामागे आहे.

आपल्याकडे साधनांचा सर्वस्वी अभाव नाही. उस्मानियाचे एके काळचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झालेले अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ साली मुंबईत वांद्रे येथे स्थापन झाली. तिचे प्रादेशिक केंद्र सिकंदराबादेत आहे. तपासणी तज्ज्ञ करतील. परंतु समजेल अशा मराठीत लिहिणे हे भाषेच्या उपासकांचे काम आहे. ज्याचा कान मंदावला त्याला बोललेल्यापेक्षा लिहिलेला शब्दच अधिक विश्वासाने भेटतो, हे तर शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावे.

आम्ही त्या स्नेह्यांस वरील मजकूर ठळक अक्षरांत लिहून दिला. तो वाचून त्यांनी त्याच कागदावर लिहिले, ‘यंत्र लावले तर नातवाचे बोलणे कळेल काय?’ आम्ही खाली उत्तर लिहिले, ‘शांत खोलीत, समोर बसून सावकाश बोलला तर बरेचसे कळण्याचा संभव आहे, गलक्यात कमी. सवय होण्यास काही आठवडे लागतील.’ त्यांनी कागदाची घडी करून ती खिशात ठेवली आणि पुढील बैठक कोणत्या वारी आहे, असे विचारले.