गटाचा माल विकायचा : मोबाइल ॲप काढावे की वेबसाइट?



खरिपाचा माल घरात आला की बचत गटाच्या भगिनी आणि उत्पादक कंपनीचे संचालक हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात : "साहेब, आपलं ॲप काढावं की वेबसाइट?" दोन्ही मोबाइलवरच दिसतात, म्हणून दोन्ही सारखीच वाटतात. पण तसे नाही. गटाचा पैसा घामाचा असतो. तो भरण्याआधी फरक समजून घ्या.

फरक काय?

ॲप ग्राहकाला आधी आपल्या फोनमध्ये उतरवून घ्यावे लागते. वेबसाइट उतरवावी लागत नाही. पत्ता दाबला की उघडते. मात्र ती मोबाइलच्या लहान पडद्यावर नीट बसणारी पाहिजे.

आपल्या रोजच्या व्यवहारातलेच उदाहरण घ्या. सातबारा पाहायचा तर आपण महाभूलेखची वेबसाइट उघडतो. काम वर्षातून चार-दोन वेळा. पाहिले, बंद केले. पीकपेरा नोंदवायला मात्र १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणीचे ॲप आले. का बरं? कारण शेतात उभे राहून पिकाचा फोटो घ्यायचा, ठिकाण नोंदवायचे, आणि बांधावर रेंज नसली तरी माहिती साठवून नंतर पाठवायची. अशा कामाला ॲप सोयीचे पडते.

एका गटाचा अनुभव

जिंतूर तालुक्यातला एक महिला बचत गट तूरडाळ, हळद आणि पापड विकतो. गटाने साठवलेल्या पैशातून ॲप करून घेतले. खरं सांगतो, तेव्हा मीही "करा" म्हणालो होतो. ॲप दिसायला छान होते. पण पुण्याची ग्राहक वर्षातून दोनदा डाळ घेणार. तेवढ्यासाठी ती फोनमध्ये ॲप कशाला ठेवील? ओळखीच्या चार घरांनी उतरवले, तेही नंतर काढून टाकले. दुसऱ्या वर्षी ॲप करणाऱ्याने दुरुस्तीचे पैसे मागितले. गटाजवळ ते नव्हते. ॲप बंद पडले. ऑर्डरी मात्र पूर्वीसारख्या व्हॉट्सॲपवरच येत राहिल्या.

चूक भगिनींची नव्हती. "ग्राहक किती वेळा येणार?" हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही.

नवा ग्राहक कसा सापडतो?

वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे 'परभणी शक्ती' हे लोह आणि जस्त जास्त असलेले ज्वारीचे वाण तुम्ही पिकवता असे समजा. शहरातला माणूस गुगलवर 'परभणी शक्ती ज्वारी' असे शोधतो. तुमच्या वेबसाइटवर त्या ज्वारीचे स्वतंत्र पान असेल, तर ते त्याला सापडण्याची शक्यता असते. ॲपच्या पोटातला माल असा सहसा सापडत नाही. शिवाय पानाचा दुवा व्हॉट्सॲपवर एकाने दुसऱ्याला पाठवला की लगेच उघडतो.

खर्चाचा हिशेब

ॲप गुगल प्लेवर ठेवण्यासाठी एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ॲपलसाठी दरवर्षी ९९ डॉलर. ही झाली नुसती दारावरची पावती. तयार करण्याची मजुरी वेगळी. पुढे अँड्रॉइड बदलत गेले की ॲपही सुधारावे लागते. नाही सुधारले तर नव्या फोनवरच्या नव्या ग्राहकाला ते प्लेवर दिसेनासे होते. वेबसाइटलाही पत्त्याचे आणि जागेचे वार्षिक भाडे आहेच. पण एकदा नीट केली की ती अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालते.

मग ॲप कधी करावे?

तीच माणसे रोज तेच काम करीत असतील तेव्हा. उदाहरणार्थ, दूध संकलनाची रोजची नोंद किंवा सभासदांना अवजारे भाड्याने देण्याची पाळी. रेंज नसताना काम चालले पाहिजे, तरीही ॲपचा विचार करावा. ग्राहकाला वेबसाइट हाताशी हवी असेल, तर ब्राउझरमधून ती 'होम स्क्रीनवर जोडा' म्हणजे झाले.

वेबसाइट करून घेताना

१. पत्ता गटाच्या नावावर नोंदवा, करणाऱ्याच्या नावावर नको. पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव दोघींकडे असावा.

२. पैसे चुकते करण्याआधी साध्या, स्वस्त फोनवर आणि कमी रेंजमध्ये उघडून पाहा. बोटाने ताणल्याशिवाय अक्षर वाचता आले पाहिजे. फोटो जड नकोत.

३. मालाचे वजन, भाव, भावाची तारीख आणि पोहोचवण्याचा खर्च स्पष्ट लिहा. खाद्यपदार्थ असेल तर अन्न परवान्याचा किंवा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक द्या.

४. फोन नंबरावर बोट ठेवताच फोन लागला पाहिजे. व्हॉट्सॲपचेही बटण ठेवा.

५. दरवर्षी किती भरावे लागेल, ते आधीच लेखी घ्या.

थोडक्यात, ग्राहक कधीमधी येणारा आणि अनोळखी असेल तर आधी वेबसाइट. रोजचा आणि ठरलेला असेल तर ॲप. गटाच्या पुढच्या बैठकीत एकच प्रश्न ठेवा : "आपलं गिऱ्हाईक वर्षातून किती वेळा येतं?" उत्तर मिळाले की निर्णय आपोआप होईल. आणि काहीही केले तरी माल निवडून, वजनात पुरता द्या. गिऱ्हाईक परत येते ते मालासाठीच.