कॅनडातील कायमस्वरूपी वास्तव्य : कामाचा अनुभव मोजायचा कसा?

कॅनडात कुशल कामगार म्हणून कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना मिळविण्यासाठी वय, शिक्षण, भाषा आणि कामाचा अनुभव या चार बाबी प्रामुख्याने विचारात घेतल्या जातात. यांपैकी पहिल्या तीन बाबतींत फारसा वाद उद्भवत नाही. वयासाठी पारपत्र असते, शिक्षणासाठी पदवी आणि तिचे मूल्यांकन असते, भाषेसाठी परीक्षेचा निकाल असतो. अनुभवाचे तसे नाही. तो अर्जदाराने स्वतः मोजून लिहायचा असतो आणि तपासणी करणारा अधिकारी तो पुन्हा मोजतो. या दोन मोजण्यांमध्ये तफावत पडली, तर भाषेच्या परीक्षेवर आणि शुल्कावर झालेला खर्च, तसेच महिनोन्‌महिने केलेली तयारी वाया जाते. म्हणूनच अनुभवाची मोजणी नेमकी कशी होते, हे अर्ज भरण्यापूर्वीच समजून घेणे हितावह ठरते.

दोन टप्पे, दोन हिशेब

कॅनडाने स्थलांतरितांच्या निवडीसाठी गुणपद्धती १९६७ मध्ये स्वीकारली. जानेवारी २०१५ पासून या निवडीचे काम 'एक्स्प्रेस एन्ट्री' या संगणकीय व्यवस्थेमार्फत चालते. भारतातून अर्ज करणाऱ्या बहुतेकांना लागू होणारी योजना 'फेडरल स्किल्ड वर्कर' या नावाने ओळखली जाते. तीत अनुभव दोन वेळा मोजला जातो. पहिल्या टप्प्यावर अर्जदार पात्र आहे किंवा नाही, हे ठरते. त्यासाठी १०० पैकी किमान ६७ गुण लागतात आणि त्यांतील अनुभवाचे कमाल गुण १५ असतात. दुसऱ्या टप्प्यावर पात्र उमेदवारांची १२०० गुणांच्या स्वतंत्र मोजपट्टीवर क्रमवारी लावली जाते आणि वरच्या क्रमांकाच्या उमेदवारांना अर्जाचे निमंत्रण मिळते. या दोन टप्प्यांचे हिशेब निरनिराळे आहेत. अनेकांची गफलत होते ती या ठिकाणी.

किमान एक वर्ष म्हणजे काय?

पात्रतेसाठी कुशल कामाचा किमान एक वर्षाचा, सलग आणि सवेतन अनुभव आवश्यक असतो. हे एक वर्ष एकाच प्रकारच्या व्यवसायातील असावे लागते. अर्जदार आपला मुख्य व्यवसाय म्हणून ज्याची नोंद करतो, तोच हा व्यवसाय होय. मालक किंवा कंपनी बदलली तरी हरकत नाही. मात्र मध्ये मोठा खंड पडता कामा नये. वार्षिक हक्काच्या रजेने सलगता भंग पावत नाही. याउलट, दीर्घ बिनपगारी रजेचा काळ कामाचा काळ म्हणून मिळविता येत नाही.

सवेतन हा शब्दही महत्त्वाचा आहे. पगार किंवा दलाली घेऊन केलेले कामच गणले जाते. मानद सेवा, विनावेतन प्रशिक्षण किंवा घरच्या दुकानात मोबदल्याशिवाय केलेली मदत यांचा हिशेबात समावेश होत नाही. शिक्षण चालू असताना केलेली सवेतन नोकरी मात्र या योजनेत इतर अटी पूर्ण होत असल्यास धरता येते.

तासांचे गणित

पूर्णवेळ काम म्हणजे आठवड्याला ३० तास. वर्षाच्या ५२ आठवड्यांचे १,५६० तास होतात. अर्धवेळ काम करणाऱ्यालाही हा आकडा गाठता येतो. आठवड्याला १५ तास याप्रमाणे २४ महिने काम केल्यास ते पूर्णवेळाच्या एका वर्षाइतके धरले जाते. त्याचप्रमाणे एकाच वेळी दोन ठिकाणी १८ आणि १२ तास काम करणाऱ्याचे आठवड्याचे ३० तास पूर्ण होतात.

मात्र ३० तासांवरील जादा काम जमेस धरले जात नाही. समजा, बांधकामाच्या साइटवरील एखादा अभियंता रोज नऊ तास, आठवड्याचे सहा दिवस काम करतो. त्याचे आठवड्याला ५४ तास होतात. तीस आठवड्यांत त्याने १,६२० तास काम केलेले असते. परंतु कॅनडाच्या हिशेबाने त्याच्या खात्यावर ३० आठवड्यांचे केवळ ९०० तास जमा होतात. ओव्हरटाइम करून वर्ष लवकर भरून काढता येत नाही, हा याचा सरळ अर्थ आहे.

पदनाम एक, काम दुसरे

कोणते काम 'कुशल' मानायचे, हे कॅनडाच्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणावरून ठरते. या वर्गीकरणाला तेथे 'एनओसी' म्हणतात. आपल्याकडील ना हरकत प्रमाणपत्राशी त्याचा काहीही संबंध नाही. सध्याचे वर्गीकरण एक्स्प्रेस एन्ट्रीसाठी १६ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाले. त्यात प्रत्येक व्यवसायाला पाच अंकी क्रमांक असून त्यातील दुसरा अंक 'टीअर' म्हणजे त्या कामाची पातळी दर्शवितो. शून्य ते तीन या पातळ्यांवरील काम कुशल धरले जाते. चार आणि पाच या पातळ्यांवरील काम या योजनेत गणले जात नाही.

लेखा विभागाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. लेखापरीक्षक आणि लेखापाल यांचा क्रमांक १११०० असून त्यांची पातळी एक आहे. हिशेब लिहिणारे तंत्रज्ञ व बुककीपर यांचा क्रमांक १२२०० आणि पातळी दोन आहे. लेखा विभागातील लिपिकाचा क्रमांक १४२०० आहे, म्हणजे पातळी चार. आपल्याकडील लहान पेढ्यांमध्ये या तिघांनाही सर्रास 'अकाउंटंट' म्हणतात. पत्रावर अकाउंटंट असे लिहिलेले असले, पण प्रत्यक्षात काम बिले नोंदविण्याचे आणि पावत्या लावून ठेवण्याचे असले, तर तो अनुभव बाद ठरण्याची दाट शक्यता असते. उलट पदनाम साधे असले तरी काम वरच्या पातळीचे असू शकते. अधिकारी पाहतो ते एवढेच की, वर्गीकरणाच्या सुरुवातीच्या निवेदनातील काम अर्जदाराने केले आहे काय, आणि मुख्य कर्तव्यांपैकी आवश्यक ती सर्व व एकूण बरीचशी कर्तव्ये पार पाडली आहेत काय.

वर्गीकरण बदलले की अनुभवाचे मोलही बदलते. २०२२ च्या बदलाने ट्रकचालक, बसचालक आणि परिचर्या साहाय्यक यांसारखे १६ व्यवसाय नव्याने पात्र ठरले. त्याच बदलात शिंपीकाम व त्याच्याशी संबंधित कामांसह तीन व्यवसाय अपात्र झाले. जुन्या माहितीच्या आधारे आपला व्यवसाय ठरविणे म्हणूनच धोक्याचे असते.

दहा वर्षांची चौकट

अर्जाच्या आधीच्या दहा वर्षांतीलच अनुभव मोजला जातो. ही चौकट स्थिर नसून रोज एकेक दिवस पुढे सरकत असते. एखाद्याने जानेवारी २०१३ ते डिसेंबर २०१८ अशी सहा वर्षे नोकरी केली, त्यानंतर घरची शेती किंवा अन्य जबाबदारी सांभाळली आणि १ जानेवारी २०२६ रोजी आपली माहिती नोंदविली, तर त्याची २०१६ पासूनची तीनच वर्षे हिशेबात येतात. आणखी एक महिना थांबल्यास ती तीन वर्षेही पुरी भरत नाहीत. निमंत्रणाची वाट पाहत असतानाही ही चौकट पुढे सरकतच राहते. नोकरीत खंड पडलेल्या अर्जदारांनी, विशेषतः मुलांच्या संगोपनासाठी नोकरी सोडलेल्या स्त्रियांनी, हा हिशेब सर्वांत आधी करावा.

गुण किती मिळतात?

पात्रतेच्या टप्प्यावर एक वर्षाच्या अनुभवाला ९ गुण, दोन ते तीन वर्षांना ११, चार ते पाच वर्षांना १३ आणि सहा किंवा अधिक वर्षांना १५ गुण मिळतात. पहिले सलग वर्ष मुख्य व्यवसायातील असावे लागते. पुढील वर्षे अन्य कुशल व्यवसायातील असली तरी चालतात.

क्रमवारीच्या टप्प्यावर चित्र पालटते. तेथे परदेशातील, म्हणजे कॅनडाबाहेरील अनुभवाला स्वतंत्र गुण नाहीत. भाषेच्या किंवा कॅनडातील अनुभवाच्या जोडीनेच ते मिळतात. भाषेत कॅनडाच्या मोजपट्टीवरील नववी पातळी असल्यास एक ते दोन वर्षांच्या अनुभवाला २५ आणि तीन किंवा अधिक वर्षांना ५० गुण मिळतात. भाषा सातव्या वा आठव्या पातळीची असेल, तर हेच आकडे अनुक्रमे १३ आणि २५ होतात. आयईएलटीएसच्या सर्वसाधारण परीक्षेत नववी पातळी गाठण्यासाठी श्रवणात ८ आणि वाचन, लेखन व संभाषणात प्रत्येकी ७ गुण लागतात.

यातून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. भाषा समान असेल, तर क्रमवारीत तीन वर्षांच्या आणि दहा वर्षांच्या परदेशी अनुभवाचे मोल सारखेच आहे. वयाचे गुण मात्र घटत जातात. जोडीदार सोबत नसलेल्या अर्जदाराला २९ व्या वर्षापर्यंत वयाचे ११० गुण मिळतात. ३५ व्या वर्षी ते ७७ आणि ४० व्या वर्षी ५० होतात. ४५ व्या वर्षी काहीच उरत नाही. 'आणखी थोडा अनुभव गाठीला बांधू आणि मग अर्ज करू' हा आपल्याकडील शहाणपणाचा सल्ला तीन वर्षांनंतर बहुधा तोट्याचा ठरतो. त्याऐवजी भाषेची पातळी वाढविण्यावर भर दिल्यास त्याच अनुभवाचे गुण दुप्पट होऊ शकतात.

कॅनडातील अनुभव वेगळा

कॅनडात परवानगीने केलेल्या कुशल कामाला क्रमवारीत स्वतंत्र गुण आहेत. जोडीदार सोबत नसल्यास एका वर्षाला ४० आणि पाच वर्षांना ८० गुण मिळतात. पुण्यातील कंपनीने टोरांटोला पाठविलेल्या आणि तेथे वर्क परमिटवर काम केलेल्या अभियंत्याला याचा लाभ होतो. परंतु टोरांटोच्या कंपनीसाठी पुण्यात घरी बसून केलेले काम कॅनडातील अनुभव ठरत नाही.

कॅनडातील अनुभवावर आधारित असलेल्या 'कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लास' या योजनेचे नियम आणखी निराळे आहेत. पूर्णवेळ विद्यार्थी असताना केलेले काम आणि स्वयंरोजगार या योजनेच्या किमान अटीसाठी धरले जात नाहीत. शिक्षणासाठी तेथे गेलेल्या मुलांच्या पालकांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

कागदपत्रांची खरी अडचण

निमंत्रण आल्यानंतर ६० दिवसांत संपूर्ण अर्ज सादर करावा लागतो. सर्वाधिक धावपळ होते ती अनुभवाच्या पत्रांसाठी. आपल्याकडील कंपन्या नोकरी सोडताना देतात ते 'रिलीव्हिंग लेटर' बहुधा चार ओळींचे असते. त्यात नाव, पद आणि दोन तारखा असतात. कॅनडाच्या अधिकाऱ्याला एवढ्याने भागत नाही. कंपनीच्या लेटरहेडवरील पत्रात धारण केलेली सर्व पदे, प्रत्येक पदाचा कालावधी, प्रत्यक्ष कामे, आठवड्याचे तास, वार्षिक वेतन व अन्य लाभ, तसेच वरिष्ठाची किंवा मनुष्यबळ अधिकाऱ्याची सही आणि संपर्काचा तपशील असणे अपेक्षित असते. कामांचे वर्णन वर्गीकरणातून शब्दशः उतरवून काढले, तर अधिकाऱ्याच्या मनात संशय निर्माण होतो. केलेले काम आपल्या शब्दांत लिहिलेले असावे.

कंपनी बंद पडली असेल किंवा असे पत्र देण्यास तयार नसेल, तर त्याचे कारण सांगणारे निवेदन आणि नियुक्तिपत्र, सॅलरी स्लिप, फॉर्म १६, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक, बँकेचा उतारा असे पर्यायी पुरावे जोडता येतात. ते स्वीकारायचे किंवा नाही, हा अधिकाऱ्याच्या विवेकाचा प्रश्न असतो. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांना व्यवसायाच्या मालकीचा व उत्पन्नाचा पुरावा आणि ग्राहकांसारख्या त्रयस्थांनी सेवेबद्दल व मोबदल्याबद्दल दिलेली पत्रे सादर करावी लागतात. स्वतःच केलेले प्रतिज्ञापत्र त्यासाठी पुरेसे मानले जात नाही.

फुगविलेल्या अनुभवाची किंमत

काही महिन्यांची तूट भरून काढण्यासाठी ओळखीच्या पेढीकडून पत्र 'करून घेण्याचा' सल्ला काही मध्यस्थ सर्रास देतात. कॅनडाच्या स्थलांतर कायद्यातील कलम ४० नुसार खोटी माहिती देणाऱ्यास पाच वर्षे प्रवेशास अपात्र ठरविले जाऊ शकते. अर्ज मध्यस्थाने भरला असला तरी जबाबदारी अर्जदाराचीच राहते. शिवाय मुख्य अर्जदाराचा अर्ज फेटाळला गेला की त्याच्यासोबतच्या पती, पत्नी आणि मुलांचाही अर्ज फेटाळला जातो. तारखा, पगार आणि भविष्य निर्वाह निधीच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहणे अधिकाऱ्याला अवघड नसते.

पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असतील, तर मुख्य अर्जदार कोणाला करावे याचा विचार दोघांचेही गुण स्वतंत्रपणे मोजूनच करावा. घरात पगार कोणाचा जास्त, यावर ते ठरत नाही. प्रत्येक नोकरीसाठी सुरुवात व शेवटची तारीख, आठवड्याचे तास, प्रत्यक्ष कामे, वर्गीकरणातील क्रमांक आणि उपलब्ध पुरावा असा तक्ता करावा व दहा वर्षांबाहेरचा काळ त्यातून वजा करावा. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने माहिती नोंदविण्याच्या दिवशी कॅनडा सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरील मजकूर वाचून घ्यावा. आणि आज जे नोकरी बदलत आहेत, त्यांनी परदेशी जाण्याचा विचार दूरचा असला तरी कंपनी सोडण्यापूर्वीच कामांचा व तासांचा तपशील असलेले पत्र मागून घ्यावे. वरिष्ठ बदलतात, कंपन्या विलीन होतात, आणि काही वर्षांनी तेच पत्र मिळविण्यासाठी साठ दिवसही अपुरे पडतात.