बंदिस्त लांडग्यांचा कळप

मराठीत माघार घेणाऱ्या माणसाविषयी 'त्याने शेपूट घातले' असे म्हणतात. हा वाक्प्रचार कुत्र्याच्या वागण्यावरून आला असला, तरी कुत्र्याला ही सवय त्याच्या पूर्वजाकडून, म्हणजे लांडग्याकडून मिळालेली आहे. लांडग्यांच्या कळपात शेपूट कोण उंच धरतो आणि कोण पोटाखाली घेतो, यावरून त्यांचे परस्परसंबंध ओळखता येतात.

या देहभाषेचा पायाभूत अभ्यास स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील प्राणिसंग्रहालयात झाला. रूडोल्फ शेंकेल या प्राणिशास्त्रज्ञांनी तेथील लांडग्यांचे बारकाईने निरीक्षण केले आणि आपले निष्कर्ष 1947 साली प्रसिद्ध केले. सुमारे 10 मीटर रुंद व 20 मीटर लांब अशा आवारात दहापर्यंत लांडगे एकत्र ठेवलेले होते. एखाद्या शाळेच्या पटांगणापेक्षाही ही जागा लहानच म्हणावी लागेल.

शेंकेल यांना कळपात नरांची एक आणि माद्यांची एक अशा दोन उतरंडी आढळल्या. उतरंडीच्या शिरोभागी असलेला लांडगा ताठ पायांनी चालतो, कान टवकारतो, शेपूट वर उचलतो; प्रसंगी त्याच्या मानेवरचे केस उभे राहतात. खालच्या पायरीवरचा लांडगा त्याच्यासमोर अंग चोरून येतो, कान मागे पाडतो आणि त्याचे तोंड चाटू लागतो. कधी तो सरळ उताणा पडून पोट उघडे करतो. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागते. दातांची गरज पडत नाही.

या शरणागतीचे मूळ शेंकेल यांनी 1967 सालच्या एका लेखात उलगडून दाखवले. भुकेलेले पिल्लू शिकारीहून परतलेल्या मोठ्या लांडग्यांचे तोंड चाटते, तेव्हा ते पोटातले मांस ओकून त्याला भरवतात. उताणे पडणेही बाल्यातलेच. आई पिल्लाचे पोट चाटून त्याला मलमूत्रविसर्जनास प्रवृत्त करते, त्या वेळी ते असेच निश्चल पडून राहते. वरवर जी हार दिसते, तिच्यात पिल्लाने आईपाशी केलेले आर्जव दडलेले असते. पुढे बहुतेकांना नेमका याच गोष्टीचा विसर पडला.

लोकांच्या लक्षात राहिली ती भांडणे. बंदिस्त कळपात प्रजननकाल जवळ आला, की तणाव वाढतो. वरच्या पायरीवरची मादी इतर माद्यांना धाकात ठेवते, नरांमध्ये झटापटी होतात. हरलेल्याची अवस्था तर केविलवाणी होते. त्याला अन्नापासून हुसकावले जाते, जो तो त्याच्यावर धावून जातो आणि तो कुंपणाच्या कोपऱ्यात दिवस काढतो. अशा वर्णनांवरून लढून सत्ता मिळवणाऱ्या 'अल्फा' लांडग्याची कल्पना रूढ झाली. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मीच यांच्या 1970 सालच्या लांडग्यांवरील ग्रंथाने ती घरोघरी पोहोचवली. कुत्र्याला बळेच उताणे पाडून मालकाने आपले वर्चस्व सिद्ध करावे, असा सल्लाही काही प्रशिक्षक देऊ लागले. बिचाऱ्या कुत्र्यांना या सिद्धांताची किंमत मोजावी लागली.

ही कल्पना खोडून काढण्यातही पुढाकार घेतला तो मीच यांनीच. 1986 पासून अनेक उन्हाळे त्यांनी कॅनडाच्या अतिउत्तरेकडील एल्समीर बेटावर मुक्त लांडग्यांच्या सान्निध्यात घालवले आणि 1999 साली आपले नवे मत मांडले. रानातला कळप हा सामान्यतः एक कुटुंब असतो : नर, मादी आणि त्यांची एक ते तीन वर्षांची अपत्ये. पिल्ले आईबापांच्या आज्ञेत राहतात, ती ते आईबाप आहेत म्हणून. वयात आलेला लांडगा बापाशी झुंजत बसत नाही; तो घर सोडतो, कधी शेकडो किलोमीटर दूर जातो, जोडीदार शोधतो आणि स्वतःचा संसार मांडतो.

बाझेलच्या लांडग्यांना हीच वाट बंद होती. शेंकेल यांच्या नोंदी खोट्या नव्हत्या; त्या ज्या परिस्थितीत घेतल्या गेल्या, ती परिस्थिती लांडग्यांची नव्हती. बंदिस्त कळपांत पुष्कळदा परस्परांशी नाते नसलेले प्रौढ लांडगे एकत्र आणलेले असतात, आणि तेथे हरलेल्याला दूर जाता येत नाही. रानात तो जो अपमान एका दिवसात मागे टाकून निघून गेला असता, तोच कुंपणाआड त्याला रोज सोसावा लागतो.

रानात वर्चस्व मुळीच नसते, असे मात्र नाही. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात 1995 व 1996 साली लांडगे पुन्हा आणून सोडण्यात आले. तेथील काही मोठ्या कळपांत एकाहून अधिक माद्यांना पिल्ले होत; अशा कळपांत पायरीचा प्रश्न खरोखरच उद्भवतो.

मीच यांनी आपला जुना ग्रंथ छापणे थांबवावे म्हणून प्रकाशकाकडे वर्षानुवर्षे तगादा लावला होता. अखेर 2022 साली त्याचे प्रकाशन बंद झाले. 'अल्फा' हा शब्द मात्र अजूनही वापरला जातो, बहुधा माणसांसाठीच.