परिचारिकेचे शिक्षण आणि कर्जाचा हिशेब

पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेरे हे गाव आहे. बाहेरच्या माणसाला हे गाव माहीत असते ते मुख्यतः शांतिवनामुळे. कुष्ठरोग निवारण समितीने येथे कुष्ठरुग्णांसाठी आसरा उभा केला आणि ज्यांना समाजाने दूर लोटले त्यांच्या जखमा धुणारी माणसे येथे निर्माण झाली. बधिर झालेल्या पायाला काटा टोचला तरी रुग्णाला कळत नाही. तो पाय रोज तपासावा लागतो, स्वच्छ करावा लागतो, बांधावा लागतो. हे काम केवळ दयेने होत नाही, त्याला शिकलेला हात लागतो. परिचारिकेचे काम म्हणजे ज्ञानाचे काम, ही गोष्ट नेऱ्याच्या माणसास निराळी समजावून सांगण्याचे कारण नाही.

याच नेऱ्यात आणि भोवतालच्या पाड्यांत आता बारावी झालेल्या अनेक मुली, आणि काही मुलगेही, नर्सिंगकडे वळू पाहतात. पनवेल, कामोठे, नवी मुंबई या टापूत रुग्णालये वाढली, तेव्हा असे होणे साहजिकच आहे. पण घरात प्रश्न उभा राहतो तो असा: दोन वर्षांचा कोर्स घ्यावा, तीन वर्षांचा, की चार वर्षांची पदवी? आणि त्यासाठी कर्ज काढावे काय? आम्ही कॉलेजात शिकलेले नाही. जे शिकलो ते कामगारांच्या पगारपत्रकांतून आणि करारनाम्यांच्या बारीक अक्षरांतून शिकलो. म्हणून या प्रश्नाचा विचार आम्ही पगाराच्या बाजूने करणार आहो.

प्रथम वाटा कोणत्या ते नीट पाहू. पहिली वाट ए.एन.एम. ही दोन वर्षांची आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. हिच्यातून बाहेर पडलेली मुलगी उपकेंद्रात वा प्राथमिक आरोग्य केंद्रात आरोग्यसेविका होऊ शकते. दुसरी वाट जी.एन.एम., म्हणजे तीन वर्षांची पदविका. हिला बारावीत निदान चाळीस टक्के गुण व इंग्रजी विषय लागतो. विज्ञान शाखा असल्यास बरे, पण तिची सक्ती नाही. तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षांची पदवी. हिला बारावी विज्ञान, त्यात जीवशास्त्र आणि इंग्रजी, व प्रवेशपरीक्षा, म्हणजे सी.ई.टी., लागते. महाराष्ट्रात ही पदवी बहुधा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. ए.एन.एम. व जी.एन.एम.च्या परीक्षा मुंबईचे परिचर्या व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते.

या वाटा एकमेकींना जोडलेल्या आहेत, हे फार थोड्या पालकांना ठाऊक असते. ए.एन.एम. झालेली मुलगी पुढे जी.एन.एम.ला जाऊ शकते. जी.एन.एम. झालेली मुलगी नोंदणी करून, नोकरी करून, मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. घेऊ शकते, आणि त्यानंतर एम.एस्सी.चे दार तिलाही उघडे असते. म्हणजे बाराव्या इयत्तेनंतर घेतलेला निर्णय जन्माचा निर्णय नव्हे. ही शिडी आहे. तिची एक पायरी चढून, दम घेऊन, चार पैसे हाती आल्यावर दुसरी चढता येते.

मात्र शिडीचा पाया म्हणजे नोंदणी. महाराष्ट्रात १९६६ च्या परिचारिका कायद्याखाली राज्य परिचर्या परिषदेकडे ज्याची नोंद होत नाही, ते नर्सिंगचे शिक्षण नव्हे. बाजारात सहा महिन्यांचे, वर्षाचे 'नर्सिंग'चे कोर्स विकले जातात. त्यांतून रुग्णाजवळ बसणारी मदतनीस तयार होते, परिचारिका होत नाही. पैसे भरण्यापूर्वी संस्थेस तीनच प्रश्न विचारावेत: परिषदेची मान्यता आहे काय? नोंदणी कोणत्या नावाने होते? आणि तुमचे स्वतःचे रुग्णालय किती खाटांचे आहे? ज्या शाळेला रुग्णालय नाही तेथे मुलगी पुस्तकावरच इंजेक्शन द्यायला शिकेल.

आता पगाराकडे येऊ. महाराष्ट्र शासनाच्या सातव्या वेतन आयोगाच्या श्रेणीत अधिपरिचारिकेचे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. या पदाला बी.एस्सी. झालेली चालते आणि जी.एन.एम. झालेलीही चालते. पद एक, श्रेणी एक. जिल्हा परिषदेच्या आरोग्यसेविकेची श्रेणी २५,५०० पासून आहे. केंद्राच्या एम्ससारख्या संस्थांत ४४,९०० ची श्रेणी मिळते. तेथे बी.एस्सी. झालेली सरळ परीक्षेस बसते, तर जी.एन.एम. झालेलीला निदान पन्नास खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. पदवीचा खरा फायदा शिक्षिका होण्यात, उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होण्यात व वरच्या शिक्षणात आहे. तो लहान नाही. पण रुग्णाच्या खाटेजवळची सरकारी नोकरी हेच ध्येय असेल, तर तीन वर्षांची पदविका काही कमी दर्जाची वाट नव्हे.

सरकारी जागा थोड्या असतात आणि भरती रखडते. म्हणून पहिला पगार बहुधा खासगी रुग्णालयाचा असतो, आणि तो या आकड्यांच्या बराच खाली असतो. कर्जाचा हिशेब याच पहिल्या पगारावर करावयाचा आहे.

उदाहरण घेऊ. समजा, बी.एस्सी.साठी दरवर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपयांचे कर्ज काढले, व्याज दहा टक्के. शिकण्याची चार वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नसतो. पण व्याज मात्र झोपत नाही. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे, दुसऱ्यावर चार वर्षांचे, असे सरळ व्याज धरले तरी १,४०,००० रुपये होतात. म्हणजे हप्ता सुरू होताना देणे ५,४०,००० चे असते. ते दहा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे ७,१४० रुपये. एकूण भरणा साडेआठ लाखांच्या वर जातो. हाच हिशेब जी.एन.एम.च्या तीन लाखांवर केला तर देणे ३,९०,००० आणि हप्ता सुमारे ५,१५० होतो.

आता समजा, पहिला पगार १५,००० रुपये आहे. पदवीवाल्या मुलीचा जवळजवळ निम्मा पगार बँकेत गेला. उरलेल्यात खोलीचे भाडे, जेवण, एस.टी. किंवा लोकल, आणि घरी पाठवायचे पैसे. आमच्या मते हप्ता पहिल्या खात्रीच्या पगाराच्या चौथाईपेक्षा अधिक असू नये. १५,००० ची चौथाई ३,७५०. एवढ्या हप्त्यात वरच्याच अटींवर साधारण दोन लाख रुपयांचे मूळ कर्ज झेपते, अधिक नाही. आपल्यात म्हण आहे, अंथरूण पाहून पाय पसरावे. येथे अंथरूण म्हणजे कॉलेजची फी नव्हे, रुग्णालयाचा पगार.

काही लोक म्हणतील, मग गरिबाच्या मुलीने पदवी घेऊच नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ऋण काढून सण करू नये हे खरे, पण शिक्षण हा सण नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की कर्ज ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे. तिच्या आधीच्या पायऱ्या अशा. सरकारी संस्थेतील जागेसाठी प्रथम प्रयत्न करावा. खासगी व्यावसायिक महाविद्यालयाची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरविते. त्या आकड्यापेक्षा अधिक कोणी मागितल्यास पावती मागावी. आमच्या भागातील ठाकूर, कातकरी मुलींना अनुसूचित जमातीची शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जातींच्या मुलींना त्यांची आहे. जुलै २०२४ च्या शासननिर्णयाने इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतील, वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षणफी व परीक्षाफी माफ झाली आहे. आगरी समाज इतर मागासवर्गात येतो, तेव्हा ही गोष्ट पनवेल तालुक्यातील पुष्कळ घरांच्या कामाची आहे. पण अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झाला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घाईने घेतलेली जागा ही सवलत गमावून बसते. एका सहीने लाखांचा फरक पडतो, तो येथे.

एवढे करूनही कर्ज लागलेच तर ते राष्ट्रीयीकृत बँकेचे घ्यावे, सावकाराचे नव्हे, आणि जमीन विकून तर नव्हेच. शैक्षणिक कर्जास पालक सहकर्जदार असतो, परंतु बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखांपर्यंत जमीन-घर तारण ठेवावे लागत नाही. कुटुंबाचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या व्याज-अनुदान योजनेखाली शिक्षणाचा काळ व नंतरचे एक वर्ष एवढ्या मुदतीचे व्याज सरकार भरते. वरच्या उदाहरणातील १,४०,००० रुपये ते हेच. ही सवलत नसेल तर शिकत असतानाच व्याज भरीत जावे. पहिल्या वर्षी ते महिना साधारण ८३३ रुपये येते, चौथ्या वर्षी ३,३३३. असे भरल्यास नोकरी लागताना देणे चार लाखच राहते, हप्ता सुमारे ५,२९० वर येतो, आणि एकूण भरण्यात ऐंशी हजारांच्या वर वाचतात.

आतापर्यंत पैशाचा हिशेब झाला. पण कर्जाचा आणखी एक हिशेब आहे, तो बँकेच्या पुस्तकात लिहिलेला नसतो. ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे तो कामगार मालकापुढे 'नाही' म्हणू शकत नाही. गिरणीत आम्ही हे पाहिले, कारखान्यात पाहिले, आणि रुग्णालयातही तेच आहे. २०११ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, केरळ येथे खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचे संप झाले. त्यांच्या तक्रारींत तुटपुंजा पगार होता, आणि त्याहून बोचणारी गोष्ट होती ती करारनाम्याची. दोन-तीन वर्षे सोडून जायचे नाही, गेल्यास अमुक रक्कम भरा, आणि तोपर्यंत मूळ प्रमाणपत्रे आमच्या कपाटात. शिक्षणाचे कर्ज फेडण्यासाठी घाईने नोकरी धरली, आणि नोकरी सोडता येऊ नये म्हणून दुसरे कर्ज गळ्यात पडले, असा हा प्रकार.

याबाबत कायदा काय सांगतो ते लक्षात ठेवावे. करारनाम्यात मोठा आकडा लिहिला म्हणून तो सगळा देणे लागत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाप्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई मिळते, आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. करारनामा सरसकट रद्द असतो असेही नाही. म्हणून सही करण्यापूर्वी वाचावा व प्रत मागून घ्यावी. मूळ प्रमाणपत्र मात्र कोणाच्याही स्वाधीन करू नये. ते दाखवायचे असते, ठेवायचे नसते.

पगाराच्या बाबतीतही आधार आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. तिची शिफारस अशी: दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात परिचारिकेस सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे, शंभर ते दोनशे खाटांत दहा टक्के कमी चालेल, पन्नास ते शंभर खाटांत पंचवीस टक्के कमी, आणि त्याहून लहान ठिकाणीही वीस हजारांच्या खाली नसावे. ही शिफारस आहे, आपोआप लागू होणारा नियम नव्हे. ती लागू करून घेण्यासाठी परिचारिकांना एकत्र यावेच लागते. युनियनचा माणूस हे सांगणारच, असे कोणी म्हणेल. पण एकट्या परिचारिकेने मागितलेली पगारवाढ आणि साऱ्या वॉर्डाने मागितलेली पगारवाढ यांत काय फरक असतो, हे मालक आमच्याहून चांगले जाणतो.

यावर एक जुने उत्तर असते: 'ही तर सेवा आहे, सेवेत पैसा कसला?' सेवेचा आदर आम्हांसही आहे. पुण्यास १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले. तेथील स्त्रियांनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेतले. त्यांतल्या कित्येक विधवा होत्या, आणि त्या शिकल्या त्या आपल्या पायांवर उभ्या राहण्यासाठी. म्हणजे महाराष्ट्रात सेवा आणि पोट ही प्रारंभापासून एकत्रच चालत आली. इंग्लंडमध्ये २०१७ पर्यंत परिचारिकेच्या विद्यार्थिनीकडून फी घेत नसत, उलट तिला निर्वाहवेतन मिळे. ते बंद करून कर्जाची पद्धत आणली तेव्हा अर्ज घटले, आणि २०२० साली वर्षाला निदान पाच हजार पौंडांचे अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. जे राष्ट्र परिचारिकेला कर्जात ढकलते, त्याच्या खाटांजवळ उभे राहायला माणूस मिळत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

तेव्हा नेऱ्यातील पालकांना आमचे सांगणे थोडक्यात असे. बारावी विज्ञान असेल, सी.ई.टी.तून जागा मिळत असेल आणि फीची सवलत लागू होत असेल, तर पदवी घ्यावी. सवलत नसेल व मोठे कर्ज लागत असेल, तर चांगले रुग्णालय असलेल्या मान्य शाळेत जी.एन.एम. करावे, नोकरी करावी आणि स्वतःच्या कमाईवर पोस्ट बेसिक पदवी घ्यावी. घरी तातडीने मिळकत हवी असेल आणि गावाजवळच काम करायचे असेल, तर ए.एन.एम.ची वाट लहान असली तरी खोटी नाही. मुलगी रुग्णालयाच्या दारात जाईल त्या दिवशी तिच्या पिशवीत नोंदणीचे प्रमाणपत्र असावे आणि डोक्यावर एवढेच कर्ज असावे की वाईट नोकरी तिला सोडता येईल. शिक्षणाने माणूस मोकळा झाला पाहिजे. ज्या कर्जाने तो बांधला जातो, त्याचा व्याजदर कितीही कमी असला तरी ते महागच पडते.