फ्लेशचा स्कोअर तक्त्यात टाकण्याआधी

तुमचा विषय शिक्षण, आरोग्य किंवा भाषेच्या आसपासचा असेल, तर एखादा इंग्रजी उतारा वाचकाला किती अवघड जाईल हे ठरवायची वेळ कधीतरी येणारच. बरेच जण वर्डमध्ये फ्लेशचा स्कोअर काढतात आणि तक्त्यात टाकून मोकळे होतात. थांबा जरा. तो आकडा येतो कुठून, ते आधी बघू.

रुडॉल्फ फ्लेशचं १९४८ चं सूत्र दोनच गोष्टी बघतं: वाक्यात सरासरी शब्द किती, आणि शब्दात सरासरी सिलॅबल, म्हणजे उच्चाराचे तुकडे, किती. पहिल्या सरासरीला १.०१५ ने गुणा, दुसरीला ८४.६ ने, आणि दोन्ही गुणाकार २०६.८३५ मधून वजा करा. आकडा जितका मोठा, तितका मजकूर सोपा. ६० ते ७० म्हणजे साधं इंग्रजी.

आता हातानेच करून बघा. 'माय मदर वॉच्ड टेलिव्हिजन यस्टरडे': शब्द ५, सिलॅबल ११, स्कोअर १५.६. म्हणजे पदवीधरांच्या पातळीचं अतिकठीण वाक्य! आणि 'द स्पिन ऑफ अ क्वार्क इज अ हाफ'? एकेका सिलॅबलचे ८ शब्द, स्कोअर ११४.१. सूत्राच्या मते हे पोरासोरांचं वाचन. (एका वाक्यावर सूत्र चालवणं तसं अन्यायाचंच, ते शंभरेक शब्दांच्या नमुन्यांसाठी आहे. पण खोड कळायला एवढं पुरे.) वाक्यातले शब्द उलट्या क्रमाने लिहिलेत तरी स्कोअर तोच!

याहून गंभीर अडचण इयत्तेची. १९७५ मध्ये किनकेड आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलासाठी याच दोन सरासऱ्यांवरून इयत्ता सांगणारं सूत्र बसवलं. ती इयत्ता अमेरिकेतली. उत्तर 'आठवी' आलं म्हणून मराठी माध्यमातल्या आठवीच्या मुलीला उतारा कळेल, असं होत नाही. तिला 'टेलिव्हिजन' कळतं, एका सिलॅबलचं 'लेस्ट' अडतं. रुग्णांच्या इंग्रजी संमतीपत्राबाबत अशी गल्लत झाली, तर माणूस न कळलेल्या कागदावर सही करतो.

म्हणून आकड्यासोबत वाचकही तपासा. विल्सन टेलरची १९५३ ची क्लोझ पद्धत त्यासाठी उत्तम, आणि जवळपास फुकट. अडीचशे शब्दांचा उतारा घ्या, दर पाचवा शब्द गाळा, आणि मजकूर ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच त्या ५० जागा भरायला द्या. नेमका मूळ शब्द आला तरच गुण. समानार्थी शब्दांना गुण द्यायचा मोह होईल, पण मग तपासणारा बदलला की निकालही बदलतो.