लिनक्सचा पडदा अडला असतां

जालना जिल्ह्यांतील मंठा हें तालुक्याचें गांव. तेथील एखाद्या घरांत सायंकाळीं कापसाच्या विक्रीचा हिशेब लिनक्स प्रणालीच्या संगणकावर चालला आहे, अशी कल्पना करावी. मध्येंच पडदा गोठतो. बाण हलत नाहीं, अक्षर उमटत नाहीं. विजेचें बटण दाबून यंत्र बंद करणें हा उपाय सर्वांसच सुचतो. पण न साठविलेला हिशेब त्याबरोबर जातो. जाणकार गांवांत न भेटल्यास जालन्याची वाट धरावी लागते. अशा वेळीं लिनक्समध्येंच ठेवलेली एक आडवाट उपयोगी पडते.

ही आडवाट म्हणजे आभासी कन्सोल. एकाच पडद्यामागें अनेक स्वतंत्र पडदे. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं लिनक्स प्रसिद्ध केलें, आणि १९९२ च्या आरंभीं आलेल्या ०.१२ या आवृत्तींत पीटर मॅक्डोनल्ड यांच्या कामामुळें ही सोय दाखल झाली. कंट्रोल व आल्ट या कळा धरून एफ३ दाबली, कीं चित्रमय पडदा बाजूस सरून नांव विचारणारा काळा मजकुरी पडदा पुढें येतो. तेथें प्रवेश करून अडलेला कार्यक्रम तेवढा थांबवितां येतो. दोष हिशेबाच्या कार्यक्रमांत नसून दुसऱ्या कोठें असेल, तर हिशेब शाबूत राहतो.

पण कळा दाबूनहि कांहींच घडलें नाहीं तर? अशा वेळीं क्रमानें तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा, कीं कळ प्रणालीपर्यंत पोंचली काय? पुष्कळ लॅपटॉपांवर वरची ओळ आवाज व उजेड कमीजास्त करण्यास योजिलेली असते. एफ३ दाबतांच आवाज बदलला, तर दोष हाच होय. जोडीस एफएन ही कळहि धरावी. लिनक्स दुसऱ्या प्रणालीच्या पोटांत चालत असेल, तर बाहेरची प्रणाली कळा मध्येंच गिळते. व्हर्च्युअलबॉक्समध्यें त्याऐवजीं उजवीकडील कंट्रोल व एफ३ दाबतात.

दुसरा प्रश्न, पोंचलेली कळ मानली गेली काय? मजकुरी पडद्यावर कळफलकाचा कारभार प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल स्वतः पाहतो. तेथें आल्ट व एफ३ एवढेंच पुरतें. चित्रमय पडद्यावर हा कारभार चित्रसेवकाच्या हातीं असतो, व पडदा बदलण्याची विनंती त्यानें पुढें न्यावयाची असते. तो सेवकच गोठला, तर विनंती नेणार कोण? अशा वेळीं आल्ट, सिसरिक्वेस्ट व आर या कळा एकत्र दाबल्यास कळफलक पुन्हां कर्नलच्या ताब्यांत येतो. मग पडदा बदलून पाहावा. सिसरिक्वेस्ट ही बहुधा प्रिंटस्क्रीनच्याच कळेवर असते. कांहीं लिनक्स संचांत ही सोय सुरक्षिततेसाठीं बंद असते. तेव्हां त्याच जाळ्यावरील दुसऱ्या संगणकावरून एसएसएचनें प्रवेश करून अडलेला कार्यक्रम थांबवावा. मात्र एसएसएच आधींच सुरू करून ठेवलेलें असलें पाहिजे.

तिसरा प्रश्न, पडदा बदलला असूनहि दिसत नाहीं काय? सिस्टमडी वापरणाऱ्या संचांत प्रवेशाचे पडदे सामान्यतः पहिले सहाच असतात. एफ८ वर गेल्यास निव्वळ काळोख दिसतो. म्हणून एफ३ पासून एफ६ पर्यंत पाहावें. तेथेंहि काळोखच असेल, तर संशय चित्रकार्डाच्या चालकावर घ्यावा. संकेतशब्द लिहितांना कांहींच उमटत नाहीं. तो दोष नव्हे. मराठी नांवांच्या फायली तेथें चौकोनांसारख्या दिसतील, म्हणून घाबरूं नये. या पडद्यास फार तर ५१२ अक्षराकृति सांभाळतां येतात व जोडाक्षरें जुळवितां येत नाहींत; फायली जशाच्या तशा सुखरूप असतात.

परतीची वाट नव्या संचांत बहुधा एफ१ किंवा एफ२ वर, जुन्यांत एफ७ वर असते. यंत्र धड असतांनाच एकदां एफ३ वर जाऊन परत यावें, आणि आपला चित्रमय पडदा कोणत्या क्रमांकावर आहे तें कागदावर टिपून यंत्राजवळ ठेवावें. अडचणीच्या सायंकाळीं तो चिठोराच हिशेब वांचवील.