गोड-खारट युरोप आणि माझा चुकलेला प्रश्न



पीएचडी म्हणजे उत्तरं शोधणं, असं मला पहिलं वर्षभर वाटत होतं. मग माझ्या प्रपोजलच्या पहिल्याच पानावर गाईड मॅडमनी पेन्सिलीने एका शब्दाभोवती गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘कोणासाठी?’ तो शब्द होता ‘विचित्र’. माझं शीर्षक होतं, ‘युरोपीय स्वयंपाकातील विचित्र गोड-खारट पदार्थ’. त्या एका गोलामुळे सहा महिन्यांचं काम मला पुन्हा मांडावं लागलं. ते का, हे आज सांगते. तुमचा विषय खाण्याचा नसला तरी प्रपोजल लिहायला बसला असाल तर उपयोग होईल.

माझ्याकडे काय होतं?

एक भलंमोठं टेबल होतं. स्वीडनमध्ये खिम्याच्या गोळ्यांबरोबर लिंगनबेरीचा आंबटगोड जॅम खातात. नेदरलँड्समध्ये पॅनकेकमध्ये बेकन घालतात आणि वरून काकवीसारखं दाट सिरप ओततात. बेल्जियममध्ये सशाचं मांस सुकवलेल्या प्लमबरोबर शिजवतात. जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडमध्ये सफरचंद आणि बटाटे एकत्र कुस्करून रक्ताच्या सॉसेजबरोबर वाढतात. त्याचं नावच ‘स्वर्ग आणि पृथ्वी’, कारण सफरचंद झाडावरचं आणि बटाटा जमिनीतला. व्हेनिसमध्ये तळलेल्या सार्डिन माशांवर कांदा, व्हिनेगर, बेदाणे आणि चिलगोजे. नॉर्वेत तपकिरी रंगाचं गोडसर चीज.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने मांडलं होतं आणि प्रश्न लिहिला होता: ‘हे लोक गोड आणि खारट एकत्र का करतात?’

मॅडम म्हणाल्या, “अगं, तुझ्या घरी आमटीत गूळ घालतात ना? पंचामृतात मिरच्या, दाणे, तीळ, चिंच आणि गूळ एकत्र शिजतात. त्यावर कधी हा प्रश्न विचारलास?”

नव्हता विचारला. कारण ते मला विचित्र वाटतच नाही! म्हणजे माझ्या शीर्षकातला ‘विचित्र’ हा शब्द युरोपाबद्दल काहीच सांगत नव्हता. तो माझ्या सवयीबद्दल सांगत होता. आणि गंमत म्हणजे ती सवय पूर्णपणे माझीसुद्धा नव्हती. ‘जेवण खारट, गोड शेवटी’ हा नियम मी हॉटेलच्या मेनूकार्डांतून आणि इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकांतून उचललेला होता.

प्रश्न उलटा करून बघा

मग मी जुन्या पुस्तकांकडे गेले. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या स्वयंपाक्यांनी साधारण १३९० च्या सुमारास केलेला ‘फॉर्म ऑफ क्युरी’ हा पाककृतींचा संग्रह आहे. त्यात ब्लांकमांज या पदार्थाची कृती सापडते: कोंबडी, तांदूळ, बदामाचं दूध आणि साखर. आज ब्लांकमांज म्हणजे दुधाचं गोड पुडिंग, पण तेव्हा त्यात कोंबडी होती. हा एकट्या इंग्लंडचा प्रकार नव्हता. मध्ययुगात युरोपभरच्या श्रीमंत घरांत मांस, साखर, सुका मेवा, दालचिनी, आलं असं एकाच भांड्यात पडायचं. इस्तंबूलमध्ये तर कोंबडीच्या छातीच्या मांसाचे बारीक धागे काढून केलेलं दुधाचं गोड पुडिंग आजही मिळतं.

म्हणजे एकत्र करणं हीच जुनी, सर्वसाधारण रीत. मग खरा प्रश्न असा: वेगळं करायला कोणी आणि कधी सुरुवात केली?

याचं ढोबळ उत्तर आहे १७व्या शतकातलं फ्रान्स. ला व्हारेन या स्वयंपाक्याचं ‘ल क्विझिनिए फ्रांस्वा’ हे पुस्तक १६५१ साली आलं. या काळापासून फ्रेंच स्वयंपाकात लोणी, मांसाचा अर्क आणि ताज्या पाल्याचं महत्त्व वाढत गेलं आणि साखर हळूहळू जेवणाच्या शेवटाकडे सरकली. हे एका रात्रीत झालं नाही, जुनी मिश्रणं बराच काळ टिकून होती. पण दिशा बदलली, आणि फ्रेंच पद्धतीचा दबदबा वाढला तशी ती बाहेरही पसरली.

‘का’ची तीन उत्तरं

इथे लिटरेचर रिव्ह्यू खरा रंगतो, कारण अभ्यासकांची उत्तरं वेगवेगळी आहेत.

पहिलं वैद्यकाचं. रेचल लॉडन या अन्न-इतिहासकार म्हणतात की जुन्या वैद्यकात शरीरातल्या द्रवांचा समतोल महत्त्वाचा होता आणि साखर औषधासारखी मानली जायची. १७व्या शतकात पचनाबद्दलच्या कल्पना बदलल्या, तसं साखरेचं स्थानही बदललं.

दुसरं प्रतिष्ठेचं. साखर आणि मसाले महाग होते तोवर ते ताटात दिसणं म्हणजे श्रीमंती. कॅरिबियन बेटांवर गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या श्रमावर साखरेचे मळे वाढले, साखर स्वस्त झाली. मग श्रीमंतांनी वेगळेपणा दाखवायला दुसरी वाट धरली.

तिसरं चवीच्या आदर्शाचं. निकोला द बोनफॉन्स याने १६५४ मध्ये असा आग्रह धरला की कोबीच्या सूपला कोबीचीच चव यायला हवी. पदार्थाची मूळ चव झाकायची नाही, असा विचार आला की सगळ्यावर साखर भुरभुरणं मागे पडणारच.

ही तिन्ही उत्तरं एकमेकांना खोडत नाहीत. पण प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो: एकाला वैद्यकाची पुस्तकं, दुसऱ्याला साखरेचे भाव, तिसऱ्याला पाककृतींची पुस्तकं. ‘मी तिन्ही बघेन’ असं प्रपोजलमध्ये लिहू नका. तीन वर्षांत होत नाही. (मी लिहिलं होतं!)

मग माझी थिअरी आली, आणि पडली

एवढं वाचल्यावर मला साक्षात्कार झाला: आजचे सगळे गोड-खारट पदार्थ म्हणजे मध्ययुगाचे अवशेष! इंग्लंडची मिन्स पाय हे तर सुरेख उदाहरण. या नाताळच्या पायमध्ये पूर्वी खिमा आणि सुका मेवा एकत्र असायचा. हाना ग्लासच्या १७४७ च्या पुस्तकात मांस ‘हवं असेल तर’ घालायचं आहे. मिसेस बीटनच्या १८६१ च्या पुस्तकात एक कृती गोमांसासह आणि दुसरी मांसाशिवाय आहे. आज मांस गेलं, पण सारणाचं इंग्रजी नाव अजून ‘मिन्समीट’च आहे आणि पारंपरिक कृतीत गुरांची चरबीही टिकून आहे. बदल होताना पुस्तकांत पकडता येतो, यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

मॅडमनी टेबल बघितलं आणि एवढंच विचारलं, “तारखांचा कॉलम कुठे आहे?”

तो भरायला घेतला आणि थिअरी डुगडुगायला लागली. स्वीडनचा ‘फ्लायिंग जेकब’ घ्या: कोंबडी, केळी, चिली सॉस घातलेलं क्रीम, वर बेकन आणि शेंगदाणे. मध्ययुगीन वाटतो ना? तो विमानाने माल पाठवण्याच्या धंद्यात काम करणाऱ्या ओवे याकोब्सन यांनी तयार केला आणि १९७६ मध्ये एका पाककृतींच्या मासिकात छापून आला. सिसिलीतल्या मोदिकाच्या करंज्यांत गोमांस आणि चॉकलेट असतं. पण चॉकलेट अमेरिका खंडातून आलं, त्यामुळे हा पदार्थ १६व्या शतकाआधीचा असूच शकत नाही. आणि नॉर्वेचं तपकिरी चीज? त्यात साखर घालतच नाहीत. चीज करून उरलेलं पाणी आटवत नेलं की दुधातली साखर तांबूस होते आणि गोडी येते. १८६३ च्या सुमारास आन्ने होव या शेतकरी बाईंनी त्यात साय घालून आजचा लोकप्रिय प्रकार तयार केला. इथे मूळ गोष्ट आहे काही वाया न घालवण्याची.

म्हणजे ताटात सारखे दिसणारे पदार्थ तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी आले होते. मी त्यांना एका पिशवीत भरलं, कारण माझ्या जिभेला ते सारखेच ‘विचित्र’ लागत होते.

‘पण विज्ञान काय म्हणतं?’

हा प्रश्न प्रत्येक प्रेझेंटेशनला येतो. मीठ कडवटपणा दाबतं आणि त्यामुळे गोडी खुलते, हे ब्रेस्लिन आणि बोशां यांनी १९९७ मध्ये प्रयोगाने दाखवलं. छान. पण जीभ तर सगळ्यांची साधारण सारखीच आहे. जे सगळीकडे सारखं आहे, त्यातून दोन ठिकाणांमधला फरक समजत नाही. हे वाक्य मी टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

२०११ मध्ये बाराबाशी आणि सहकाऱ्यांनी ५६ हजारांहून जास्त पाककृती तपासल्या. पश्चिम युरोपीय आणि उत्तर अमेरिकी पाककृतींत सुगंधी रेणू समान असलेले घटक एकत्र येतात, पूर्व आशियात उलट कल दिसतो, असं त्यांना आढळलं. नंतर जोधपूरच्या आयआयटीतल्या गणेश बगलर यांच्या गटाने तरला दलाल यांच्या वेबसाइटवरच्या अडीच हजारांवर पाककृती घेतल्या, तेव्हा भारतीय स्वयंपाकातही उलटाच कल निघाला. दोन्ही पेपर जरूर वाचा. पण मेथडॉलॉजीचा भाग आधी वाचा: २०११ च्या पेपरमधला डेटा दोन अमेरिकी आणि एका कोरियन वेबसाइटवरचा आहे. तिथला ‘पश्चिम युरोप’ बराचसा अमेरिकी स्वयंपाकघरातून दिसणारा आहे, आणि त्यात काळ हा घटकच नाही. पेपर चुकीचा नाही. तो माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही, इतकंच.

तर, आता काय?

माझं नवीन शीर्षक बरंच रुक्ष आहे: ‘इंग्रजी छापील पाककृतींमध्ये मांस आणि साखर यांचं वेगळं होणं, १६५० ते १८६०’. एक भाषा, एक प्रकारची साधनं, एक काळ. फ्लायिंग जेकब गेला, चीज गेलं. वाईट वाटलं, पण हे काम संपू शकतं!

तुमचं प्रपोजल उघडा आणि तीन गोष्टी करून बघा. ‘विचित्र’, ‘मागास’, ‘पारंपरिक’, ‘अनोखा’ असे शब्द शोधा आणि प्रत्येकापुढे ‘कोणासाठी?’ लिहा. ‘हे असं का आहे?’ या प्रश्नाऐवजी ‘हे असं नव्हतं कधी?’ विचारा. आणि तुमच्या उदाहरणांना तारखांचा कॉलम जोडा. कॉलम भरताना थिअरी डुगडुगली तर घाबरू नका. व्हायव्हात डुगडुगण्यापेक्षा ते बरं.